कांदा चिरताना येणारं पाणी: काय कळलं, काय उरलं

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून काय करावं, याचं उत्तर प्रत्येक घरात तयार असतं आणि दोन घरांची उत्तरं सहसा जुळत नाहीत. कुणी कांदा पाण्यात बुडवून ठेवतं, कुणी फ्रीजमध्ये. कुणी शेजारी दिवा लावतं, तर कुणी कांद्याचं साल डोक्यावर ठेवतं. दुसरीकडे गेली साठ-पासष्ट वर्षं रसायनशास्त्र, कृषिविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि अगदी अलीकडे भौतिकशास्त्र या प्रश्नाच्या मागे लागलेलं आहे. त्यातून बरंच काही पक्कं झालं, काही समजुती डळमळल्या आणि काही नवे प्रश्न उभे राहिले. हा सगळा पसारा एकदा क्रमाने मांडावा आणि तो देगलूरकडच्या स्वयंपाकघराला कितपत लागू पडतो तेही पाहावं, एवढा या लेखाचा हेतू आहे.

इथे हा प्रश्न किती मोठा

देगलूर म्हणजे नांदेड जिल्ह्याचं दक्षिण टोक. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. इथल्या ताटावर तिन्ही मुलखांची छाप आहे आणि तिन्हीकडे कांद्यावाचून पान हलत नाही. सकाळच्या सुशीलात कांदा, दुपारी भाकरीशेजारी कांदा, रश्श्याच्या वाटणात भाजलेला कांदा-खोबरं, पाऊस लागला की भजी. लग्नात हैदराबादी वळणाची बिर्याणी असली तर बिरिस्त्यासाठी पातळ, लांब, एकसारखा चिरलेला कांदा पोत्यांनी लागतो. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, चातुर्मास पाळणाऱ्या घरांत पुढच्या चार महिन्यांची हौस एका दिवसात भागवली जाते.

एवढा कांदा चिरतं कोण? घरात बाई, कार्यात आचाऱ्याच्या हाताखालच्या बायका. मांडवामागे पोत्यावर त्या ओळीने विळ्या मांडून बसतात. एक पाय विळीच्या पाटावर, दोन्ही हातांत कांदा, मान पात्यावर झुकलेली. पहिलं घमेलं भरेपर्यंत पदर डोळ्यांना लागतो, "लई झोंबायलंय माय" असं एकजण म्हणते, बाकीच्या माना डोलावतात आणि हात चालूच राहतात. पाव किलो कांद्यापुरता हा त्रास हसून सोडून देण्यासारखा आहे. चार-चार तास तो सोसणाऱ्या बाईसाठी मात्र तो कामाच्या जागेवरचा त्रास आहे. प्रश्नाकडे त्याच गांभीर्याने पाहायला हवं.

पाणी का येतं: शोधाचा प्रवास

अख्खा कांदा डोळ्यांना काहीच करत नाही, मग तो कितीही तिखट असो. कारण त्याच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एकीकडे मातीतून घेतलेल्या गंधकापासून बनलेली अमिनो आम्लं, दुसरीकडे अॅलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. पातं फिरलं की पेशी फुटते, दोन्ही एकत्र येतात आणि साखळी सुरू होते.

या साखळीचा पहिला मोठा दुवा फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला. १९४५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांद्यातलं ते खास अमिनो आम्ल वेगळं काढलं, ज्याच्यापासून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हा वायू नेमका कोणता, यावर बराच काळ मतभेद होते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ एरिक ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याची रचना निश्चित केली. सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड हे त्याचं नाव. कांदा कापल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं आणि पाचेक मिनिटांत बाहेर पडणं संपत येतं.

तोवर समजूत अशी होती की अॅलिनेजने अमिनो आम्ल तोडलं की पुढचा वायू आपोआप बनतो. २००२ मध्ये जपानच्या हाउस फूड्स कंपनीतल्या शिन्सुके इमाई आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की यात दुसरं एक स्वतंत्र विकर आहे आणि अश्रू आणणारा वायू तेच घडवतं. त्यामुळे लसणाचंही कोडं सुटायला मदत झाली. लसणातही गंधकाची अमिनो आम्लं आहेत, अॅलिनेज आहे, वासही उग्र आहे. तरी ठेचा करताना लसणाने डोळ्यांना धार लागत नाही, कारण कांद्यातलं ते अमिनो आम्ल त्यात नावापुरतं आहे आणि कांद्यासारखी दुसऱ्या विकराची जोडही नाही. या संशोधकांना २०१३ मध्ये इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामासाठी तो पुरस्कार असतो, आणि या कामाने विचार करायला नक्कीच लावलं: झोंबणं आणि चव जर दोन वेगळ्या वाटांनी येत असतील, तर एक बंद करून दुसरी चालू ठेवता येईल का? पुढची सगळी चर्चा या प्रश्नाभोवती फिरते.

डोळ्यात काय होतं, याबद्दल दोन स्पष्टीकरणं प्रचलित आहेत. जुनं आणि लोकप्रिय स्पष्टीकरण असं की वायू डोळ्याच्या ओलाव्यात विरघळतो, सौम्य गंधकाम्ल तयार होतं आणि त्याने आग होते. अलीकडे भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात संवेदी चेतातंतूंची टोकं दाट असतात, ती या रेणूने थेट चेतवली जातात, मेंदूला इशारा जातो आणि अश्रुग्रंथी डोळा धुऊन काढायला पाणी सोडते. दोन्ही प्रक्रियांचा वाटा किती, हे मांडण्यात अजून एकवाक्यता नाही. हा त्रास तात्पुरता आहे, हे मात्र सर्वमान्य आहे.

घरगुती उपाय: चार गट

घराघरांतल्या युक्त्या शेकड्याने असतील, पण त्या चार गटांत बसतात.

पहिला गट विकर थंडावण्याचा किंवा मारण्याचा. फ्रीजमध्ये ठेवणं, बर्फाच्या पाण्यात ठेवणं, पात्याला लिंबू चोळणं, कांदा आधी गरम पाण्यात घालणं. यामागचं रसायनशास्त्र बरोबर आहे. थंडीने विकराचा वेग कमी होतो, वायूही कमी उडतो. उष्णतेने विकर निकामी होतं, म्हणून परतलेला किंवा निखाऱ्यावर भाजलेला कांदा झोंबत नाही. लिंबाची आंबटाई विकराला अडवते खरी, पण पात्यावरच्या थेंबभर रसाने आतल्या पेशींपर्यंत फारसा फरक पडत नाही. उकळत्या पाण्याचा उपाय चालतो, मात्र कोशिंबिरीत घालायचा कच्चेपणा त्यात जातो.

दुसरा गट वायू पाण्यात धरून ठेवण्याचा. सोललेला, अर्धा केलेला कांदा दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवायचा किंवा चिरलेला कांदा लगेच पातेल्यातल्या पाण्यात टाकायचा. याने त्रास कमी होतो. किंमतही मोजावी लागते: चव थोडी धुतली जाते, कांदा निसरडा होऊन हात सटकण्याचा धोका वाढतो आणि तळायच्या कांद्याला हे पाणी मुळीच चालत नाही. बिरिस्त्याचा कांदा ओला असेल तर तो कुरकुरीत व्हायच्या आधी मऊ पडतो.

तिसरा गट वायू डोळ्यांपर्यंत पोचू न देण्याचा. टेबलफॅन बाजूने लावणं, खिडकीशी बसणं, एक्झॉस्ट फॅनखाली चिरणं, घट्ट बसणारा गॉगल लावणं. तर्काने आणि अनुभवाने हा गट सर्वांत भरवशाचा आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना त्रास कमी होतो, कारण लेन्स त्या पारदर्शक पटलालाच झाकते. साध्या चष्म्याच्या कडांतून हवा आत येते, म्हणून त्याचा उपयोग थोडाच. शेजारी लावलेल्या दिव्याची गरम हवा थोडीफार वर ओढली जाते, पण पंख्याच्या मानाने ते काहीच नव्हे.

चौथा गट श्रद्धेचा. तोंडात काडी धरणं, पाव चावणं, डोक्यावर साल ठेवणं, कांद्याचं टोक सुरीला टोचून ठेवणं. यांतल्या एकालाही आधार देणारी यंत्रणा सापडलेली नाही. पाव किंवा काडी तोंडात धरली की तोंडाने श्वास घेतला जातो आणि त्यामुळे फरक पडतो असा एक बचाव केला जातो, पण वायू डोळ्यावर थेट येतो, नाकातून जात नाही.

याशिवाय एक सल्ला जगभर ऐकू येतो: मुळाकडचा बुडखा शेवटी कापावा, कारण झोंबणारं द्रव्य तिथे जास्त असतं. हा सल्ला पाळायला सोपा आहे आणि कांदा सुटून न येता एकसंध राहतो, हा त्याचा खात्रीचा फायदा. पाणी त्याने किती कमी येतं, याबद्दल ठाम बोलण्याजोगा पुरावा नाही.

धार आणि वेग: नवी भर

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी या चर्चेत एक वेगळा मुद्दा आणला. त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने कांदा कापताना उडणारे सूक्ष्म तुषार टिपले. दिसलं ते असं: पातं वरच्या चिवट पापुद्र्यावर टेकतं, तो लगेच फाटत नाही, खालचा रसाळ थर दाबला जातो. दाब पुरेसा वाढला की पापुद्रा फुटतो आणि रस पिचकारीसारखा उडतो, पात्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने. मागून रसाचे धागे हवेत तुटून त्यांचे सावकाश थेंब होतात. पातं बोथट असेल किंवा वार वेगाने केला असेल तर तुषार जास्त आणि जोरात उडतात. धारदार पातं सावकाश चालवलं तर दोन्ही कमी.

फ्रीजच्या उपायालाही याने धक्का दिला. त्यांच्या प्रयोगात थंड कांद्यातून उडणाऱ्या तुषारांचं प्रमाण उलट जास्त आलं. म्हणजे रसायनशास्त्र सांगतं थंड करा, भौतिकशास्त्र सांगतं त्याने फवारा वाढतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असू शकतात. डोळ्यांपर्यंत त्रास पोचवण्यात उडणाऱ्या तुषारांचा वाटा किती आणि पसरणाऱ्या वायूचा किती, हे मोजल्याशिवाय वाद मिटणार नाही. सावकाश कापण्याचंही तसंच. तुषार कमी उडतील, पण एक पोतं संपायला दुप्पट वेळ लागला तर तेवढा वेळ डोळे त्या हवेत राहणार.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. हे प्रयोग वरून खाली येणाऱ्या पात्याचे आहेत, आणि ओट्याशी उभं राहून चाकूने कापणाऱ्याला ते सरळ लागू पडतात. विळीत पातं स्थिर आणि उभं असतं, कांदा त्याच्यावर ढकलला जातो, आणि चिरणारीचा चेहरा थेट वर झुकलेला असतो. वर उडणारा तुषार आणि वर चढणारी हवा दोन्ही तिच्या डोळ्यांच्या वाटेत येतात. शिवाय विळीला धार लावणं मागे पडलं आहे. सायकलवर दगडी चाक बसवून गल्लीत हाक देणारे धारवाले पूर्वीइतके दिसत नाहीत, आणि वर्षानुवर्षं धार न पाहिलेल्या विळीवर कांदा चिरण्याऐवजी चेपला जातो. दोरी ओढून फिरवायचे प्लास्टिकचे चॉपर अलीकडे घरोघरी आले. ते झाकलेले असल्यामुळे चिरताना त्रास कमी होतो. झाकण उघडलं की साठलेली हवा एकदम तोंडावर येते. आणि त्यातून बारीक तुकडे निघतात, बिर्याणीचे लांब काप नव्हेत.

शेतातलं उत्तर: माती आणि वाण

कांदा किती झोंबेल हे बऱ्याच अंशी शेतातच ठरतं. झोंबणारं सगळं गंधकापासून बनतं, म्हणून जमिनीत गंधक जास्त तर तिखटपणा जास्त. पाण्याचा ताण आणि उष्णता यांनीही तो वाढतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात व्हिडालिया भागाच्या कमी गंधकाच्या वाळूसर जमिनीत गोड कांदा पिकतो. ते नाव फक्त ठरावीक भागातल्या कांद्यालाच लावता यावं म्हणून तिथे १९८६ मध्ये कायदा झाला.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात जवळचं उदाहरण अलिबागचा पांढरा कांदा. भातकापणीनंतरच्या ओलीवर रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यात तो घेतात आणि वेण्या गुंफून विकतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा जी वैशिष्ट्यं पुढे ठेवली गेली त्यांत गोड चव, कमी तिखटपणा आणि डोळ्यांत पाणी न येणं यांचा उल्लेख होता. तिथल्या मातीतलं कमी गंधक हे कारण सांगितलं जातं.

याउलट मराठवाडा हा कमी पावसाचा, तापलेल्या जमिनीचा प्रदेश आहे. शिवाय उन्हाळी कांद्याला गंधकयुक्त खत देण्याची शिफारस असते, कारण त्याने पीक पोसतं. राहुरीच्या विद्यापीठाचे बसवंत ७८०, एन-२-४-१ असे वाण, किंवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण निवडताना शेतकरी पाहतो ते उत्पादन, रंग आणि चाळीत टिकणं. किती झोंबतो हा निकष त्या यादीत वर नसतो, आणि त्याला दोष देता येत नाही. गोड, पाणीदार कांदा सहसा टिकत नाही. घन अंश आणि तिखटपणा जास्त असलेला कांदा चाळीत महिनोन्महिने तग धरतो, आणि भाव मिळेपर्यंत थांबण्याची तीच शेतकऱ्याची ताकद असते.

मोजमापाचीही एक अडचण आहे. तिखटपणा पायरुव्हिक आम्लाच्या प्रमाणावरून मोजला जातो, कारण अॅलिनेजच्या क्रियेत ते सुटतं. त्यातून एकूण उग्रपणा कळतो, अश्रू आणणारा वायू वेगळा कळत नाही. तेव्हा 'कमी तिखट' आणि 'पाणी न आणणारा' हे दोन दावे एकच समजू नयेत.

बियाण्यातलं उत्तर

२००२च्या शोधानंतर तीन वाटा फुटल्या. न्यूझीलंडमध्ये कॉलिन ईडी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जनुकतंत्राने दुसरं विकर दाबून टाकलेला कांदा तयार केला. त्यात अश्रूंचा वायू खूपच घटला आणि गंधक चव देणाऱ्या इतर संयुगांकडे वळलं. चव राखून झोंबणं काढता येतं, या कल्पनेला सर्वांत बळकट आधार हाच. पण तो बाजारात आलेला नाही. भारतात तर बीटी वांग्यावर २०१० मध्ये आलेली स्थगिती पाहता असा कांदा इतक्यात आपल्या बाजारात येण्यासारखी स्थिती नाही.

जपानमध्ये हाउस फूड्सने बियाण्यावर आयन किरणांचा मारा करून उत्परिवर्तन घडवलं आणि २०१५च्या सुमारास 'स्माईल बॉल' हा कांदा आणला. त्यात पहिलं विकर, अॅलिनेज, जवळजवळ निष्क्रिय आहे. त्यामुळे डोळ्यांत पाणी येत नाही, आणि कच्च्या कांद्याची झणझणही जाते. अमेरिकेत १९८०च्या दशकात सुरू झालेल्या पारंपरिक संकरातून 'सनियन्स' हा कांदा २०१७च्या अखेरीस बाजारात आला. साठवणीत तो अधिकाधिक सौम्य होत जातो, असं उत्पादक सांगतात. टिकाऊपणा आणि सौम्यपणा एकत्र नांदू शकतात याचं ते उदाहरण आहे. दोन्ही कांदे साध्या कांद्यापेक्षा महाग विकले जातात.

दोन बाजू

बिनझोंबणाऱ्या कांद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तंत्र हाताशी असताना हा त्रास रोज सोसायला लावण्याचं कारण नाही; आणि सोसणारी बहुधा बाई असते, म्हणून तो प्रश्न मागे पडला. या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरी बाजू म्हणते की कांद्याची सगळी शान त्या झणझणीत आहे. भाकरीशेजारी फोडलेला कांदा सपक निघाला तर जेवणाची गोडी जाते. शिवाय गंधकाची संयुगंच त्याला टिकवतात. हेही खोटं नाही.

शेतातल्या जेवणात कांदा बुक्कीने फोडतात आणि असा कांदा विळीवर चिरलेल्यापेक्षा गोड लागतो, असं कितीतरी जण शपथेवर सांगतात. बुक्कीने पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, पेशी आडव्या कापल्या जात नाहीत, म्हणून झोंबणं कमी, असा तर्क करता येतो. बुक्कीच्या जागी पेशी चिरडतात आणि वायू तिथून जास्तच सुटायला हवा, असा उलटा तर्कही करता येतो. हा वाद मोजून सोडवता येण्यासारखा आहे.

कुठे उभे आहोत

पक्क्या गोष्टी अशा. पाणी आणणारा रेणू आणि तो घडवणारी दोन विकरं माहीत आहेत. धारदार पातं आणि शांत हात यांनी तुषार कमी उडतात. हवा बाजूला नेली किंवा डोळे नीट झाकले तर हमखास फरक पडतो. पाण्यात ठेवण्याने थोडा फरक पडतो, चव थोडी जाते. साल, काडी आणि पाव यांचा आधार घेऊ नये.

उघडे प्रश्न असे. फ्रीजने एकूण फायदा होतो की तोटा? तुषार आणि वायू यांचा वाटा किती-किती? झणझण ठेवून झोंबणं काढलेला कांदा सामान्य शेतकऱ्याला परवडेल आणि चाळीत टिकेल असा होईल का?

या यादीत आपल्या भागाचा एक प्रश्न ठळकपणे घालायला हवा. विळीवर, जमिनीवर बसून, मराठवाड्याचा उन्हाळी कांदा चिरणाऱ्या बाईसाठी यांतलं काय किती लागू पडतं? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचं महाविद्यालय आहे आणि शेतकरी महिलांचे कष्ट कमी करण्यावर तिथे काम होत आलं आहे. विळीच्या पात्याचा कोन, तिची धार, बसण्याची उंची आणि पंख्याची दिशा यांची चाचणी घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तोवर कार्याच्या मांडवामागे एक धारवाला आदल्या दिवशी बोलवावा, बाजूने वारा देणारा एक पंखा लावावा आणि चिरणाऱ्या प्रत्येकीला घट्ट बसणारा गॉगल द्यावा. आज हाताशी असलेल्या पुराव्यावर एवढं तर ठामपणे सांगता येतं, आणि एवढ्यासाठी लग्नाचा खर्च वाढत नाही.